दारिद्र्याची बिनपगारी लेखणी

२००३ साली स्थापन झालेली 'द बोर्गेन प्रोजेक्ट' ही अमेरिकी संस्था जागतिक दारिद्र्यनिर्मूलनासाठी तिथल्या काँग्रेस सदस्यांकडे पाठपुरावा करते. तिच्यासाठी घरबसल्या लेख लिहिणारे उमेदवार १२ आठवडे विनावेतन राबतात.

आम्ही मराठी शिकवणारे. दारिद्र्याविषयी कोणी लिहावे, हा प्रश्न आमच्यापुढे 'बलुतं'ने (१९७८) आणि 'उपरा'ने (१९८०) ठेवला. तिथे भोगणारा आणि लिहिणारा एकच होता. इथे बहुधा ज्याला तीन महिने पगाराविना काढता येतात, तोच लिहितो.

म्हणून हे लेखन खोटे ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. आत्मकथन वाचकाला अस्वस्थ करते; सरकारी तरतूद मिळवायची तर आकडे आणि चिकाटी लागते. १ जुलै २०२५ रोजी 'यूएसएड'चे परदेशी मदतकार्य थांबल्यावर तर ही वकिली अधिकच निकडीची झाली आहे.

परंतु आमच्या वर्गातली एखादी मुलगी संध्याकाळी शिकवण्या घेऊन घर चालवते. तिला अशी उमेदवारी परवडणार नाही, आणि याविषयी सर्वांत नेमके तीच लिहू शकली असती. लेखनाचे मानधन हाही दारिद्र्यनिर्मूलनाच्या खर्चाचाच भाग धरावा, एवढेच आमचे म्हणणे.