मे महिन्यात पाणी कोण घालणार?



सातिवलीत राहणाऱ्या म्हाताऱ्याने बागेवर लिहावं याचं इथे नव्याने आलेल्यांना हसू येईल. आता इथे कारखान्यांचे गाळे आणि टेम्पोंची वर्दळ. पण तुंगारेश्वरच्या पायथ्याकडची ही जमीन मुळात भातखाचरांची. पश्चिमेला बावखळांच्या पाण्यावर केळीच्या, फुलांच्या वाड्या. राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात, ती तिकडचीच.

माझा नातू कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. यंदा मुलं बाग करणार आहेत. मी एवढंच विचारलं, "मे महिन्यात पाणी कोण घालणार रे?"

हा प्रश्न मला नोकरीत दरवर्षी पडायचा. कार्यानुभवाच्या तासाला मुलं वाफे करायची. पावसाळ्यात भेंडी, काकडी, शिराळी आपोआप यायची. दिवाळीनंतर मुळा-मेथीला कळशीने पाणी घालावं लागे. मग परीक्षा, मग सुट्टी. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात जातो तो जूनपर्यंत येत नाही. म्हणजे झाडाला माणसाची खरी गरज लागते तेव्हाच शाळेला कुलूप!

एका वर्षी जूनमध्ये मुलांनी केळी लावल्या. केळीला लोंगर यायला वर्ष तरी जातं, म्हणजे उन्हाळा चुकत नाही. शाळेजवळ राहणाऱ्या तीन मुलांनी पाळ्या लावून घेतल्या आणि अख्खा मे महिना विहिरीचं पाणी शेंदलं. गणपतीनंतर लोंगर उतरवले. कोणी म्हणालं, विकून खेळाचं सामान आणू. मी म्हटलं, पाणी घातलं त्यांनाच विचारा. ती म्हणाली, बालवाडीतल्या पोरांना देऊ या. वर्गात एकानेही हरकत घेतली नाही. तो हक्क त्यांनी कमावला होता हे सगळ्यांना कळत होतं.

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, तिच्यात हेच होतं. हाताचं काम हा एखादा जादा तास नव्हता, रोजचं शिकणं त्यातूनच व्हायचं होतं. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळेत मुलं आजही शेतीबागेत राबतात.

वसईची शेतजमीन वाचवायला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखी माणसं १९८०च्या दशकाअखेरीस रस्त्यावर उतरली होती. राहिलेली जमीन पुढे नातवाच्या वयाच्या मुलांच्या हाती जायची आहे. शिबिराच्या सात दिवसांत खड्डे होतील, रोपं लागतील, फोटोही निघतील. पण जमिनीची ओळख व्हायला तिचा उन्हाळा बघावा लागतो.

असो. नातवाने आता पाळ्यांचा तक्ता केलाय. मेचा रकाना अजून रिकामा आहे. तुमच्याकडच्या शाळा-कॉलेजांत हे कसं जमवतात, जरूर कळवा.