रिपोर्ट नॉर्मल आहेत

म्हाताऱ्या मांजराचं दुखणं आधी सवयींमध्ये उतरतं. आमची चिंगी आता सोळा वर्षांची आहे. पूर्वी ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एका उडीत चढायची. मग मधे खुर्चीचा आधार घेऊ लागली आणि पुढे ओट्याकडे नुसतं बघून परत फिरू लागली. पाठीवरचे केस गुंतायला लागले, कारण चाटायला मान तिथवर वळेना. कमरेपाशी हात गेला की कातडी थरथरते आणि ती उठून पलंगाखाली जाते. रात्री मात्र पॅसेजमध्ये उभी राहून लांब सूर लावून ओरडते. ‘वय झालं तिचं,’ असं येणारे-जाणारे म्हणतात. वय झालंच आहे. पण दुखतो तो सांधा, दात किंवा पोट. वय दुखत नाही.

मांजर वेदना लपवतं ते जुन्या शहाणपणामुळे. त्याचा पूर्वज असलेलं आफ्रिकी रानमांजर एकट्याने शिकार करतं आणि स्वतःही मोठ्या प्राण्यांचं भक्ष्य होऊ शकतं. अशा जिवाने लंगडणं उघड करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. माणसाच्या घरात हजारो वर्षं काढूनही ती सावधगिरी सुटलेली नाही. मांजर घुरघुरतंय म्हणजे सुखात आहे, असंही खात्रीने म्हणता येत नाही. दुखत असतानाही ते घुरघुरतं.

चिंगीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रात्रीचं ओरडणं थायरॉइड वाढल्यामुळे किंवा रक्तदाबामुळे असू शकतं, म्हणून ते पाहिलं. मूत्रपिंडं, साखर, दात पाहिले. एक्स-रेमध्ये सांध्यांची थोडी झीज दिसली, तीही वयाला साजेशी. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासणारा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला; त्यातल्या 90 मांजरांत अशी झीज आढळली होती. शिवाय एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसेलच असं नाही. बरीच झीज असलेलं मांजर आरामात फिरतं आणि जेमतेम झीज असलेलं जागचं हलत नाही. त्यामुळे हाती आलेल्या कागदांवरून तिला नेमकं काय होतंय, हे कळलं नाही.

अशा वेळी मला आजी आठवते. तिच्या उजव्या कुशीत वर्षानुवर्षं दुखायचं. प्रत्येक तपासणीनंतर ‘काही नाही निघालं’ म्हणून घर निश्चिंत व्हायचं आणि ती भिंतीला टेकून कूस दाबत बसायची. रिपोर्ट चांगले आले की घरातल्यांना हायसं वाटतं आणि दुखणाऱ्या जिवाचा शेवटचा साक्षीदारही उठून जातो. आजीला निदान सांगता तरी यायचं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्यासोबतच्या टिपांत स्पष्ट नोंदवलं की, सांगता येत नाही म्हणून माणसाला किंवा प्राण्याला वेदना होत नसेल असं ठरत नाही. हे वाचताना मला चिंगीइतकीच आजीही दिसली.

साक्षीदार व्हायचं तर बघायला शिकावं लागतं. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी मांडली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक झाले, तर वेदनाशामकाचा विचार करायचा. ही पट्टी मुख्यतः तीव्र वेदनेसाठी आहे. रेंगाळणारं दुखणं रोजच्या वागण्यातच शोधावं लागतं. म्हणून मी वहीत लिहिते: किती खाल्लं, कुठे चढली, अंग चाटलं का, हात लावू दिला का. ती वही पाहून डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरतं वेदनाशामक सुरू केलं. औषधाने वागणं सुधारलं, तर दुखत होतं हे त्यातूनच कळतं. घरातली पॅरासिटामॉल मात्र कधीही द्यायची नाही. ती निर्धोक करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते.

खिडकीखाली आता पायरीसारखा एक पाट ठेवला आहे. वाळूचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा आणला, तिच्या कोपऱ्यात गोधडी अंथरली. चिंगी पुन्हा थोडं अंग चाटू लागली आहे. काही रात्री अजूनही ओरडते. तिची सोडवणूक करण्याचा निर्णय कधीतरी माझ्यापुढे येईल हे मला माहीत आहे, आणि तेव्हाही कागदापेक्षा मी या वहीवर अधिक विसंबेन.

कारण सापडलं तर उपचार नेमका होईल, म्हणून शोध चालूच ठेवायचा. पण तो संपेपर्यंत थांब, असं तिच्या दुखण्याला सांगण्याचा अधिकार मला नाही.