कोंड्याची मूठ

तपासाला निघताना माझ्या पिशवीत वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली असायची. बाटली तहानेपेक्षा सोयीसाठी. अनोळखी गावात पहिलं पाणी तुम्ही कुणाच्या दारात प्यायलात, हे अर्ध्या तासात गावभर होतं आणि त्यावरून तुम्ही कुणाचे ते ठरतं. पाटलाच्या ओसरीवर चहा घेतला की वस्ती बोलायची बंद होते. वस्तीत घेतला की गाव बंद होतं. म्हणून दुपारपर्यंत मी माझंच पाणी प्यायचो.

एका लहान संस्थेत अकरा वर्षं मी हे काम केलं. मराठवाड्यात कुठं दलित माणसाला मारहाण झाली, पाणवठा बंद केला, स्मशानाची वाट अडवली, की आम्ही दोघं-तिघं एस.टी.नं जायचो, चौकशी करायचो आणि अहवाल लिहायचो. नातेवाईक विचारायचे, "म्हंजी सीआयडी का?" आम्हाला तर कसलाच अधिकार नव्हता. कुणी दार लावून घेतलं तर उघड म्हणता येत नव्हतं. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नाही, असा नियम आहे. आमचा कागद पोलीस अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीकडे जायचा. तो वाचून तिथल्या कुणी योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारला, की आमचं काम झालं.

माझ्याआधी हे काम केलेल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. माणसाला एकटं गाठून विचारायचं. पाहिलेलं वेगळं लिहायचं, ऐकलेलं वेगळं. आणि लिहून झालं की सगळं वाचून दाखवायचं, "बरोबर हाय का?" म्हणायचं, आणि तो सांगेल ते खोडायचं.

मारहाणीचा तपास त्यामानानं सोपा. वळ असतात, दवाखान्याचा कागद असतो. सगळ्यात अवघड तपास बहिष्काराचा. त्यात कुणी कुणाला हातच लावलेला नसतो.

2016 सालची गोष्ट. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तो उन्हाळा. बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावात 14 एप्रिलची मिरवणूक चावडीपुढून नेली म्हणून भांडण झालं, दगड आले, बौद्धवाड्यातल्या पोरांनी फिर्याद दिली. त्यानंतर वाड्यातल्या तेवीस घरांचं सगळं थांबलं. मे महिन्यात आम्ही गेलो तेव्हा एक मावशी मला सांगत होती, "न्हाई कुणीच म्हणंना बाबा. गिरणीवाला म्हणतो पट्टा तुटलाय. दुकानदार म्हणतो साखर संपली. जीपवाला म्हणतो शिटं भरली. रानात कामाला गेलं तर म्हणत्यात, औंदा कामच कुठंय?"

यातलं शेवटचं तर खरंही होतं. दुष्काळात काम नव्हतंच. मग कोणता नकार दुष्काळाचा आणि कोणता गावाचा, हे दाखवायचं कसं? सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा अॅट्रॉसिटी कायद्यातला स्वतंत्र गुन्हा झाला तो त्याच वर्षी, 26 जानेवारी 2016 ला दुरुस्ती लागू झाली तेव्हा. रोग मात्र जुना. 1928 साली मुंबई सरकारनं स्टार्ट समिती नेमली, तिच्यात डॉ. आंबेडकर होते, ठक्करबाप्पा होते. हक्क बजावायला उठलेल्या अस्पृश्यांना गप्प करायचं सगळ्यात जबर हत्यार म्हणजे बहिष्कार, असं त्या समितीनं नोंदवून ठेवलंय. वाण्यानं माल द्यायचा नाही, नेहमीची वाट बंद, रानातलं काम बंद. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत भर पडली ती जीपची.

आम्ही गिरणी धरली, कारण गिरणीतलं मला कळत होतं. माझ्या आण्णांची गावात इंजिनाची गिरणी होती. मी त्या पिठात वाढलो.

सकाळी मावशीच्या एकाच पोत्यातली जवारी दोन डब्यांत भरली, पाच-पाच किलो. सव्वानऊला मावशी डबा घेऊन गेली. माझ्यासोबतच्या बाई समोरच्या लिंबाखाली घड्याळ बघत बसल्या. मावशी डबा तसाच घेऊन परत आली. पट्टा तुटलेलाच होता. पावणेदहाला दुसरा डबा खांद्यावर घेऊन मी गेलो. म्हणालो, पुढच्या गावाला पाव्हणा आलोय, तिथली गिरणी बंद आहे. हे मी खोटं बोललो. त्या कामात असं खोटं बोलावं लागायचं आणि मला ते कधी आवडलं नाही.

गिरणीवाला पन्नाशीचा, भुवया पिठानं पांढऱ्या. त्यानं डबा घेतला आणि कुठलाही गिरणीवाला विचारतो तेच विचारलं, "आधी गहू झाल्यात. गव्हावर टाकू जवारी? चालंल?"

"चालंल," मी म्हणालो. पट्टा फिरला. पीठ गरम पडत होतं.

दळून झाल्यावर पैसे दिले आणि मग मी कोण आहे ते सांगितलं. ही जवारी कुणाची आहे तेही सांगितलं. त्यानं मोटार बंद केली आणि पोत्यावर बसला. बराच वेळ नुसता दगडाचा घरघराट विझत गेलेला ऐकू येत होता.

"मला आत टाकता का?"

मी विचारलं, दळून देऊ नका असं कोण म्हणालं.

"पारावर बैठक झाली. सगळेच म्हणले."

"सगळे एकदम कसे म्हणतील? पहिलं कोण बोललं?"

त्याचं तो उत्तर देईना. त्यांचं दळलं तर पाच हजार दंड, म्हणाला. गिरणीची जागा भाड्याची आहे, म्हणाला. मग त्यानं माझं नाव-गाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हंजी इंजिनाच्या गिरणीवाल्या आण्णांचे तुम्ही? माझं आजोळ तुमच्याच गावचं." आता तो माझ्याकडं नीट बघायला लागला. "तुमच्या आण्णांनी कवा त्यांचं दळण दिवसा घेतलं व्हतं का? मंग मला काय इचारता?"

वहीत लिहायला मी पेन उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं.

नव्हतं घेतलं. आमच्या गिरणीवर वस्तीतल्या बायांची टोपली दिवसभर बाहेर पत्र्याखाली ओळीत असायची. दिवे लागल्यावर, गावाचं सगळं दळून झालं की त्यांचं. दगडांच्या मध्ये आधीच्या दळणाचं पीठ मूठ-अर्धी मूठ राहतंच, म्हणून गिऱ्हाईक विचारतं, कशावर टाकताय. गावाच्या पिठात त्यांचं पीठ मिसळायला नको म्हणून ते शेवटी. आणि त्यांचं झालं की आण्णा म्हणायचे, "कोंडा टाक रं." मग मी कोंड्याची एक मूठ दगडात सोडायचो, ती भरडून खाली पडायची, की गिरणी दुसऱ्या दिवसासाठी चोख. ते माझं काम होतं. आठ-नऊ वर्षांचा होतो, त्या मुठीचा मला अभिमान होता.

1972 च्या दुष्काळातही ते चालू होतं. तेव्हा तर अर्ध्याअधिक गावाचं दळण रेशनचं, अमेरिकेतून आलेली लाल मिलो. पाटलाच्या घरची मिलो आणि वस्तीतली मिलो एकाच दुकानातल्या पोत्यांतली. तरी वस्तीचं शेवटी, आणि वर कोंडा. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा 1955 पासून होता. आण्णा वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी कैक घरांचं दळण उधारीवर दिलं, त्यात वस्तीतलीही घरं होती. कोंडा टाकायला त्यांना कुणी सांगितलं होतं? पारावर बैठक झाली नव्हती, दंड ठरला नव्हता. त्यांच्याही वडिलांच्या काळात गिरणी नव्हती, म्हणजे ही रीत आण्णांनीच कधीतरी बसवलेली.

गिरणीवाल्याला मी एवढंच म्हणालो, "न्हाई घेतलं. तुमचं खरंय. पण त्यावेळी कुणी लिहून घ्यायला आलं न्हाई. आता मी आलोय." हे उत्तर झालं नाही, मला तेव्हाही कळत होतं.

पीठ घेऊन वाड्यात गेलो. मावशीला सांगितलं की तुमची जवारी गव्हावर दळलीय, थोडं गावाचं पीठ आलंय तुमच्यात. आणि तुमचं थोडं दगडात राहिलंय, ते पुढच्याच्या डब्यात जाईल. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "मंग आज समदं गावच बाटलं म्हण की!"

संध्याकाळी फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो तेव्हा गिरणीवाला सायकलवरून आला. इकडंतिकडं बघून पारावर पहिलं कोण बोललं ते त्यानं सांगितलं, दंड कुणी ठरवला तेही सांगितलं. मी लिहिलं, वाचून दाखवलं. त्यानं एक शब्द बदलायला लावला. मी "गावानं ठरवलं" लिहिलं होतं. तो म्हणाला, "गावानं न्हाई. त्या चौघांनी. आमी फकस्त बसलो व्हतो." मी ते खोडून तसं केलं. दोन्ही डब्यांची वेळ, किलो, पैसे असं सगळं अहवालात घातलं. गिरणीवाल्याचं वागणं लपवलं नाही. त्याच्यावर ते कुणी लादलं, तेही लिहिलं. बहिष्कारात पुरावा सापडतो तो हातापाशी, दळणाऱ्याच्या, वजन करणाऱ्याच्या. ज्या तोंडानं हुकूम दिला, तिथपर्यंत कागद न्यायचा, नाहीतर सगळ्यात लहान माणूस आरोपी होतो आणि बाकीचे पारावर बसलेले असतात.

उपअधीक्षक आले, तहसीलदार आले. जूनमध्ये वाड्याचं दळण सुरू झालं. काही वर्षांनी खटला उभा राहिला तेव्हा गिरणीवाला फितूर झाला, अशी बैठकच झाली नाही म्हणाला. ते चौघं सुटले. मला राग आला आणि गेलाही. गिरणीची जागा अजून भाड्याचीच होती. पण वाड्याचं दळण चालू आहे, दिवसा.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो. आण्णा वारले त्याला बरीच वर्षं झाली होती, गिरणीच्या जागेवर भावानं खताचं दुकान टाकलंय. आमच्या वस्तीतली एक आज्जी अजून होती. पत्र्याखालच्या ओळीत तिची टोपली असायची. तिच्या ओसरीवर बसलो, चहा आला, तो प्यायलो. मग विचारलं, "आज्जी, तुमचं दळण झालं की मी कोंडा टाकायचो. ठाऊक होतं तुम्हाला?"

"न ठाऊक व्हायला काय झालं?" ती म्हणाली. "त्या कोंड्याचे पाच पैशे आमच्याकडूनच घ्यायचा तुझा बाप. दळणामागं पाच पैशे जास्ती."

हे मला माहीत नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. गल्ला आण्णांकडे असायचा.

सवयीनं मी वही काढली. तिनं सांगितलं तसं लिहिलं, पाच पैसे लिहिले, पत्र्याखालची ओळ लिहिली, दिवे लागल्याची वेळ लिहिली. वाचून दाखवलं. "बरोबर हाय का?"

"बरोबर हाय," आज्जी म्हणाली. "पर नाव कुणाचं घालणार?"

आण्णांचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली माझं लिहिलं, आणि तेही तिला वाचून दाखवलं.