राबण्यासाठी घेतलेला वेष

देवानं वेष बदलल्याच्या तीन कथा एकट्या धाराशिव जिल्ह्यात नांदतात. तेरच्या त्रिविक्रम मंदिरातली कथा वामनाची. बटूच्या रूपानं आलेल्या विष्णूनं बळीकडे तीन पावलं जमीन मागितली आणि शब्द मिळताच विराट होऊन सगळंच घेतलं. तुळजापूरची कथा भवानीची. सीतेच्या शोधात रानोमाळ भटकणाऱ्या रामापुढे देवी सीतेचं रूप घेऊन उभी राहिली; रामानं तिला तत्काळ ओळखलं आणि आई म्हणून हात जोडले. तिसरी कथा पुन्हा तेरचीच, तेरणेच्या काठची. संत गोरा कुंभार म्हणजेच गोरोबाकाका, त्यांच्या घरी विठ्ठल कुंभार होऊन राबला. वामनाचा वेष ठकवण्यासाठी होता, भवानीचा पारखण्यासाठी. या दोन्ही तऱ्हा, आणि जिवावरचं संकट टाळण्यासाठी लपणं ही आणखी एक, जगातल्या सगळ्या अभिजात वाङ्मयात भरपूर सापडतात. केवळ दुसऱ्याचं अडलेलं काम करण्यासाठी वेष घेणं मात्र फार क्वचित दिसतं. वारकरी संतकथांनी ही तऱ्हा इतकी रुजवली की तिचं वेगळेपण आपल्याला जाणवेनासं झालं आहे. माझ्या मते जुन्या मराठी वाङ्मयानं वेषांतराच्या कल्पनेत घातलेली ही सर्वांत मोठी भर आहे.

विराटपर्वाशी ताडून पाहिलं तर हे स्पष्ट होतं. युधिष्ठिर कंक होऊन राजाशी फासे खेळतो, भीम बल्लव होऊन मुदपाकखान्यात शिरतो, अर्जुन बृहन्नडा होऊन उत्तरेला नाच शिकवतो, द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णेची वेणीफणी करते. वर्षभर सगळे चाकरी करतात, पण कथेचं लक्ष त्या चाकरीवर नसतंच. कीचक कुठवर मजल मारतो आणि कौरवांना सुगावा कधी लागतो, याकडे ते लागलेलं असतं. होमरचा ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच घरी परततो. पाय धुताना म्हाताऱ्या दाईच्या हाताला त्याच्या पायावरचा जुना व्रण लागतो आणि ती ओळखते. ओळख पटण्याचे प्रकार सांगताना अॅरिस्टॉटलनं या व्रणाचा दाखला दिला आहे. दोन्हीकडे हलकं काम किंवा हलकी अवस्था म्हणजे राजाच्या वाट्याला आलेला वनवास. वेष उतरला की तो संपतो. ग्रीकांचा अपोलो देव अॅडमेटस राजाची गुरं राखतो खरा, पण ती झ्यूसनं दिलेली शिक्षा असते. आपल्याकडे खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणलं तेव्हा नाटकानंच अज्ञातवास पत्करला होता. प्रेक्षकांनी कीचकात कर्झन ओळखला, पुढे सरकारनंही ओळखला आणि १९१० मध्ये बंदी आली. इथेही वेष लपण्यासाठीच होता.

आता तेरकडे वळू. गोरोबांचा काळ परंपरेनं १२६७ ते १३१७ असा मानला जातो. त्यांची कथा घरोघरी पोचवली ती ताहाराबादच्या महिपतींनी, १७६२ च्या ‘भक्तविजया’तून. नामात बुडून चिखल तुडवताना रांगतं मूल पायाखाली आलं. पुढे बायकोनं विठ्ठलाची आण घातली म्हणून गोरोबांनी तिला स्पर्श करणं सोडलं. तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न झालं, तर सासऱ्यानं दोघींना सारखं वागवण्याची शपथ घातली, म्हणून तिलाही हात लावला नाही. एका रात्री दोघींनी झोपलेल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ओढून घेतले. आण मोडली म्हणून सकाळी गोरोबांनी आपले हातच तोडून टाकले. ही गोष्ट कुंभाराची आहे, हे इथे विसरता येत नाही. माती मळायची ती हातांनी, चाकावरचा गोळा वर उचलायचा तो बोटांच्या दाबानं, ओल्या मडक्याच्या आत एका हातानं गोटा धरून बाहेरून दुसऱ्या हातानं थापटणं मारायचं, आणि शेवटी आवा रचायचा तोही हातांनीच. कुंभाराचे हात गेले म्हणजे घराची चूलच विझली. अशा घरी एक परका कुंभार आपल्या बायकोसह कामाला येतो आणि चाक पुन्हा फिरू लागतं. पंढरीच्या मूर्तीचे दोन्ही हात कमरेवर आहेत. कथेनं नेमके तेच हात सोडवले आणि चिखलात घातले. देवानं हात लगेच परत दिले नाहीत, ते पुढे नामदेवांच्या कीर्तनात फुटले. आधी त्यानं मडकी घडवली. चमत्काराच्या अगोदर कथेनं कामाला जागा दिली, म्हणून मला ती मोलाची वाटते.

ओळखीचा प्रश्नही ही कथा निराळ्या पद्धतीनं हाताळते. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून पाहणारे आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे ते हेच गोरोबा. मडकं डोळ्यांना कितीही देखणं दिसलं तरी कुंभार ते वाजवून घेतो. आतली भेग कानालाच कळते. ज्याला नामदेवांसारख्यातलं कच्चेपण कळलं, त्याला रोज शेजारी माती तुडवणारा विठ्ठल कळला नाही! कथाकाराची ही चूक असेल असं मला वाटत नाही. कच्चेपण शोधायचं असेल तर वाजवून पाहावं लागतं. जिथे काम चोख होतंय, मडकी पक्की निघताहेत, तिथे वाजवायचं कशाला? म्हणून इथे ओडिसियससारखी व्रणाची खूण लागत नाही, की त्याच्यासारखी धनुष्याला प्रत्यंचा चढवावी लागत नाही. देव निघून गेल्यावर मागे उरतो तो त्याचा माल आणि त्यावरूनच कोण येऊन गेलं ते कळतं.

यावर एक आक्षेप असा की हे सारं महिपतींचं रचित, गोरोबांच्या काळानंतर जवळजवळ साडेचारशे वर्षांनी लिहिलेलं. ते खरंच आहे. पण मी गोरोबांचं चरित्र सिद्ध करायला निघालेलो नाही. शतकानुशतकं समाजानं कोणती कल्पना जपून ठेवली, एवढंच मी विचारतो, आणि त्या प्रश्नाला उशिरा लिहिली गेलेली कथाही तितकीच भक्कम साक्ष देते. दुसरा आक्षेप खूप जड आहे. दुष्काळात कोठारं उघडणाऱ्या दामाजीपंतांना सोडवायला देव विठू महार होऊन मंगळवेढ्याहून बीदरच्या दरबारात गेला, अशी कथा आहे. परंपरा सांगते की त्याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि तिच्याखाली महार जातीतले संत चोखोबा गेले. देवाला महाराचा वेष घेता आला आणि उतरवताही आला. चोखोबांच्या अंगावर वेष नव्हताच, मग उतरवायचं काय? दरबारात विठू महाराला मान देणाऱ्या कथा ऐकत समाजानं खऱ्या महाराला पंढरीच्या देवळाबाहेर ठेवलं, ते दार साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये उघडलं. डॉ. आंबेडकरांनी १९४८ चा अस्पृश्यतेवरचा आपला ग्रंथ नंदनार आणि रविदासांसह चोखोबांना अर्पण केला. विठू महाराच्या कथेनं त्यांचं समाधान होणं शक्यच नव्हतं.

हा आक्षेप मला मान्य आहे. या कथांनी जात मोडली नाही. मोडली असं म्हणणं म्हणजे चोखोबांवर दुसऱ्यांदा भिंत पाडणं. तरीही त्या फेकून द्याव्यात असं मला वाटत नाही. मडकं घडवणं, दळण दळणं, हजामत करणं, निरोप पोचवणं या कामांना ज्या समाजानं हलकं ठरवलं, त्याच समाजाच्या कीर्तनात ती कामं देव करतो. ऐकणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच मनात ठेवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. ही विसंगती शतकानुशतकं जिवंत राहिली हे या कथांचं बळ. तिचा जाब ज्यांनी विचारला नाही, तो दोष ऐकणाऱ्यांचा.

कथेत मला आणखी एक उणीव दिसते आणि ती भरून काढणं आपल्या हाती आहे. विठ्ठलासोबत रखुमाईही कुंभारीण होऊन तेरला आली, पण गाजलं ते विठूचं नाव. कुंभारवाड्यात माती चाळणं, पाणी आणणं, मडकी उन्हात मांडणं, बाजारी नेणं, यातलं किती काम बाईच्या अंगावर असतं हे कोणत्याही कुंभाराला विचारावं. आणि ज्या आईचं मूल चिखलात गेलं ती कथेत शाप देते, आण घालते, कारस्थान करते. तिच्या दुःखापाशी कुणी फार वेळ थांबत नाही. चैत्र वद्यात तेरच्या यात्रेला जाणाऱ्यांनी आणि गोरोबांचं आख्यान लावणाऱ्या कीर्तनकारांनी यंदा तेवढं करावं: रखुमाईच्या वाट्याचं काम तिच्या नावानं सांगावं, आणि त्या आईलाही बोलू द्यावं.