भेंडीच्या फुलापासून प्रयोगशाळेपर्यंत

बालमित्रांनो, छत्रपती संभाजीनगरहून रेल्वेने परभणीकडे निघालात, की वाटेत जालना लागतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे लहानथोर सगळ्यांच्या तोंडी असते. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवा. मोंढ्यात मोसंबीचे ढीग आणि बाजारात जिकडेतिकडे बियाण्यांची दुकानं!

आता शहराबाहेर देऊळगाव राजाच्या रस्त्याला लागू या. शेतांत शेडनेटचे मांडव दिसतील. तिथे मिरची, टोमॅटो, भेंडी यांचं संकरित बियाणं तयार होतं. संध्याकाळी भेंडीच्या कळीतले पुंकेसर अलगद काढायचे, कळी झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे परागकण तिला लावायचे. शेतकरी याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. किती नाजूक काम, नाही का?

भेंडीवर ‘केवडा’ नावाचा रोग पडतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. हा रोग होतो विषाणूमुळे आणि पसरवते पांढरी माशी. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी केवड्याला दाद न देणारी ‘पुसा सावनी’ ही जात शोधली. जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांनी तिचं बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं. १९६४ साली त्यांनी इथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण गंमत पाहा, पुढे पुसा सावनीवरही केवडा येऊ लागला! मग पुन्हा नवा शोध सुरू. संशोधन असंच असतं, ते कधी संपत नाही.

याच बारवाल्यांच्या पुढाकाराने जालन्यात श्री गणपती नेत्रालय उभं राहिलं. तिथे डॉक्टर मोतीबिंदू काढतात आणि आजीला पुन्हा दिसू लागतं. पण डोळ्यातलं भिंग मुळात गढूळ का होतं? ते थांबवता येईल का? असे प्रश्न घेऊन जे वर्षानुवर्षं काम करतात, ते जैववैद्यकीय संशोधक. डॉक्टर समोरच्या रोग्याला बरं करतो. संशोधक अजून आजारीही न पडलेल्या माणसांसाठी राबत असतो.

त्यासाठी काय शिकावं लागतं? बारावी विज्ञाननंतर सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. करायचं. मग साधारण दोन वर्षांचं एम.एस्सी. या पदवीत नुसतं पाठांतर चालत नाही बरं का! मार्गदर्शकांच्या हाताखाली एक छोटासा प्रश्न घ्यायचा, प्रयोग करायचे, फसले तर पुन्हा करायचे आणि जे दिसलं तेच प्रामाणिकपणे लिहायचं.

डॉ. कमल रणदिवे यांचंच पाहा. त्यांचा जन्म १९१७ सालचा, पुण्याचा. मुलीने डॉक्टर व्हावं, ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी मात्र जीवशास्त्राचा रस्ता धरला. १९४३ साली त्या एम.एस्सी. झाल्या. विषय कोणता? सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी! हो, आपल्या डोंगरउतारावर येतं तेच सीताफळ. पेशी वाचायला त्या वनस्पतींवर शिकल्या आणि मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगाकडे वळल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. झाली. पुढे त्यांनी मुंबईत पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी काय संबंध, याचा त्यांनी शोध घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. जीवशास्त्राची आवड म्हणजे डॉक्टरकीच, असं आपण धरून चालतो. प्रवेश हुकला, की हुशार मूल घरात तोंड लपवून बसतं. त्याला हाही रस्ता दाखवा. वाट सोपी नाही, बहुतेकांना एम.एस्सी.नंतर पीएच.डी. करावी लागते, कमाई उशिरा सुरू होते. पण नेटसारख्या परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली, तर दरमहा पैसे मिळतात. आणि २०२० साली करोनाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा करून वाढवला गेला, तो अशाच शिकलेल्या माणसांच्या हातून.

मुलांनो, तुम्हाला मात्र थांबायचं कारण नाही. दोन वाट्या घ्या. दोन्हींत ओल्या कापडावर वीस-वीस मूग ठेवा. एका कापडाला साधं पाणी, दुसऱ्याला मिठाचं. बाकी सगळं अगदी सारखं. रोज सकाळी किती मुगांना मोड आले ते मोजून तारखेसह वहीत लिहा. अंदाज चुकला, तरी आकडा खोडायचा नाही हं!