हशा आणि अवकाश

लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झालेल्या विवराच्या परिसरात वसलेले असल्यामुळे, तेथील रसिकाला विज्ञानकथा, म्हणजे वैज्ञानिक शक्यतांवर रचलेली कल्पित कथा, परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी पडदा मात्र रमला तो विनोदात. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात भाड्याच्या खोलीसाठी केलेले वेषांतर इतके अंगाशी येते की, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या ‘पार्वती’चे थेट डोहाळजेवण घातले जाते, आणि प्रहसनाचे, म्हणजे प्रसंगांच्या गुंत्यातून हसवणाऱ्या नाट्यप्रकाराचे, खरे बळ हेच की, पात्रांना आपली अडचण मुळीच विनोदी वाटत नाही. असा कळस क्वचितच गाठला गेला.

केतन मेहता यांची दूरदर्शनवरील ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) ही हिंदी मालिका मिलिंद सोमण यांच्या नायकाला फरारी गुन्हेगारांच्या मागावर अवकाशात धाडते. तिची दृश्ये आज बाळबोध वाटली, तरी तिचे धाडस निर्विवाद मोठे होते. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा हाताशी असताना मराठी वाहिन्यांनीही तेवढी हिंमत अवश्य दाखवावी.