हट्टी कडी

कुकरच्या शिट्टीचा सूर बदलला तर आपल्याला बाहेरच्या खोलीतही कळतं. मग गाडीचा आवाज बदलल्यावर आपण गप्प का बसतो? "ती कामं ह्यांची," म्हणून मोकळ्या होतो, झालं!

आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातली घरघर आधी माझ्याच कानाला टोचली. वेगाबरोबर ती वाढायची, आणि उजवीकडे वळताना जास्तच. हे दौऱ्यावर, नणंदेचे दिवस भरत आलेले. गाडी तर हवीच. दुपारची शाळा आटोपून मी गॅरेज गाठलं. "डावं बेअरिंग गेलंय, वहिनी," मेस्त्री म्हणाले. वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो, म्हणून उजव्या वळणाला डावं चाक ओरडतं, हे मला तेव्हा समजलं.

बेअरिंग ज्या ओतीव लोखंडी घरात बसतं त्याला नकल म्हणतात. ते सरकू नये म्हणून तोंडाशी खाचेत स्प्रिंगच्या पोलादाची एक कडी असते. ती सर्क्लिप, गॅरेजात तिला नुसतं 'लॉक' म्हणतात. बांगडीसारखीच, पण एके ठिकाणी तुटलेली, आणि दोन्ही टोकांना भोकं. भोकांत पक्कड घालून आवळलं की ती खाचेतून सुटते. सुटायला हवी! आमची गंजाने घट्ट धरलेली. पोराने जोर लावला आणि तिचा एक कान तुटला.

"तशीच प्रेसवर दाबू," पोरगा म्हणाला. मेस्त्रींनी त्याला रोखलं. लॉक न काढता दाब दिला तर खाच फुटते आणि अख्खा नकल बदलावा लागतो. आमच्या महिन्याच्या हिशोबात ते बसणारं नव्हतं.

मग त्यांनी तारेच्या ब्रशने खाच साफ केली, गंज सोडवणारं तेल सोडलं आणि काम रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी बोथट पंच कडीवर ठेवून हातोडीने हलके ठोके देत सगळीकडून फिरवला. गंजाची पकड ठोक्यांनी सुटते, नुसत्या जोराने नाही. कडी जागच्या जागी किंचित फिरली, तेव्हा मेस्त्री हसले. तुटक्या टोकाखाली बारीक स्क्रूड्रायव्हर घालून ते आत ढकललं, दुसऱ्याने उचललं. डोळ्यांवर चष्मा, कडीवर फडकं. कारण ती सुटते ती बंदुकीच्या गोळीसारखी.

नवं बेअरिंग बसवताना ते त्याच्या बाहेरच्या कड्यावरच दाबायचं. आतल्या कड्यावर जोर आला तर गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि घरघर पुन्हा सुरू होते.

पोराने मग सहज विचारलं, "जुनंच लॉक वाकवून बसवू का? कुणाला दिसतंय?" मी म्हटलं, "दिसत नाही म्हणूनच नवं हवं. ह्या गाडीतून बाळंतीण जाणार आहे." मेस्त्रींनी मान डोलावली आणि पोराला दुकानात पिटाळलं. नवी कडी 'टक्' करून खाचेत बसली. ती पुरती बसली की नाही, हे त्यांनी पक्कडीने फिरवून मला दाखवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, गॅरेजात "वहिनी, तुम्ही बसा," असं म्हणाले तरी बसू नका. जवळ उभ्या राहा. काढलेलं जुनं सामान मागून घ्या, आणि लॉक नवं घातलं का, एवढं तरी जरूर विचारा. त्या कडीची किंमत बिलात सगळ्यात कमी असते.